गोळी ‘ताकदी’ची नव्हे

चांदणी चौक मागे टाकून पौडच्या दिशेने निघालेला रस्ता भूगाव ओलांडून भुकूमला येतो. एके काळी हा टापू भाताचा. पावसाळ्यात पाण्याने तुडुंब भरलेली खाचरे, त्यांचे बांध, आणि खाटपेवाडीच्या बाजूला उगम पावून पुण्याकडे वाहत जाणारी रामनदी, एवढेच काय ते प्रवाशाच्या नजरेत भरे. आता त्याच रस्त्याला गृहसंकुले, शाळा, मंगल कार्यालये आणि हॉटेले यांची रांग लागली आहे. जमिनीला सोन्याचा भाव आला, बैल गेले, मोटारी आल्या. या स्थित्यंतराचे अर्थशास्त्र पुष्कळांनी सांगून झाले आहे. त्याचे शरीरशास्त्र मात्र फारसे कोणी सांगितलेले नाही. ज्या पुरुषाचे तारुण्य लावणीच्या चिखलात आणि डोंगरउतारावर गेले, तो पन्नाशीत दिवसाचा बराचसा भाग बसून काढतो, आणि त्याच्या खिशात रक्तदाबाची एक व साखरेची एक अशा गोळ्यांच्या दोन पट्ट्या असतात.

अशा एका गृहस्थाची कल्पना करावी. कल्पित ग्राहकावाचून अर्थशास्त्राला एक पाऊलही टाकता येत नाही, तेव्हा या गृहस्थालाही नाव देण्याचे कारण नाही. काही महिन्यांपासून पत्नीच्या सहवासात त्याच्या इंद्रियाला ताठरता येत नाही, आली तर टिकत नाही. ही गोष्ट त्याने कोणालाही सांगितलेली नाही. औषधाचे दुकान गावातच आहे. पण तेथे विक्रीला उभा असलेला मुलगा भावकीतला असावयाचा. म्हणून तो कोथरूडची बस धरतो, एखाद्या अनोळखी दुकानापुढे थोडा रेंगाळतो, आतले शेवटचे गिऱ्हाईक बाहेर पडले की पायरी चढतो आणि खालच्या आवाजात म्हणतो, “ताकदीची गोळी द्या.” वस्तुतः ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाही; पण चिठ्ठी पुष्कळदा मागितली जात नाही, आणि मागितली तर शेजारचे दुकान असतेच. कागदात गुंडाळलेली पट्टी हातात पडते. वस्तूच्या किमतीहून जाण्यायेण्याचा खर्च आणि मोडलेला अर्धा दिवस यांचीच रक्कम मोठी होते. पाठ्यपुस्तकांत ज्याला वाहतूकखर्च म्हणतात, तो येथे निव्वळ संकोचाचा खर्च आहे.

त्या गृहस्थाच्या तोंडचा ‘ताकदीची’ हा शब्द बारकाईने पाहण्यासारखा आहे. या औषधाविषयीचे जवळजवळ सगळे गैरसमज त्या एका शब्दाच्या पोटात आहेत.

ताकदीची कल्पना

मुळशी तालुका हा तालमींचा तालुका. महाराष्ट्र केसरीची २०१७ ची कुस्ती स्पर्धा भुकूमच्या शेजारी भूगावातच भरली होती. तालमीच्या शिस्तीने या भागातील अनेक पिढ्यांना व्यायाम, आहार आणि संयम शिकविला, याबद्दल दुमत होऊ नये. परंतु त्या शिस्तीबरोबर एक समजूतही लाल मातीतून घरोघर पोहोचली: पुरुषाचे वीर्य म्हणजे जन्मभर पुरवून वापरावयाची शिल्लक, आणि रक्ताचे कितीतरी थेंब आटून त्याचा एक थेंब बनतो. शरीरशास्त्राला असा कोणताही हिशेब ठाऊक नाही. वीर्य शरीरात सतत तयार होत असते, वापरले नाही तर आपोआप शोषले जाते किंवा झोपेत बाहेर पडते, आणि त्याने हाडांतील मज्जा आटत नाही. तथापि ही समजूत इतकी खोल आहे, की ‘धातू जाते’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या, अशक्तपणाने आणि अपराधी भावनेने खचलेल्या तरुणांच्या अवस्थेला डॉ. नरेंद्र विग या भारतीय मानसोपचारतज्ज्ञाने १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ असे स्वतंत्र नावच दिले.

या समजुतीचा परिणाम पुढे तीस-चाळीस वर्षांनी दिसतो. पन्नाशीत ताठरता कमी झाली की पुरुष प्रथम स्वतःच्या तारुण्याचा जमाखर्च तपासू लागतो. तेव्हा आपण काय उधळले, त्याची ही शिक्षा, असे त्याला वाटते. शिक्षा म्हटली की दाद मागता येत नाही, आणि ती चारचौघांत सांगताही येत नाही. मग उरते ती ‘गेलेली ताकद’ परत आणून देणाऱ्याची वाट पाहणे. रस्त्याकडेला तंबू ठोकून बरण्यांत मुळ्या मांडणारा वैदू, भिंतीवर ‘गुप्तरोग’ या शब्दाखाली दूरध्वनी क्रमांक रंगविणारा, शिलाजित आणि मुसळी यांच्या डब्यांवर घोड्याचे चित्र छापणारा, हे सर्व त्याच आशेचे दुकानदार होत. १९९८ नंतर जी नवी गोळी आली, तिलाही लोकांनी या जुन्या मांडणीतच एक जागा करून दिली. घोड्याचे चित्र तेच राहिले, बरणीच्या जागी गोळ्यांची पट्टी आली.

बांध आणि पाऊस

परंतु या गोळीचा जन्म पाहिला तर तिचे ‘ताकदी’शी दूरचेही नाते नाही असे दिसून येईल. फार दिवस वैद्यकशास्त्राचीही समजूत अशी होती, की ताठरतेचा अभाव हा बहुतांशी मनाचा खेळ आहे. या समजुतीला मोठा धक्का बसला तो १९८३ मध्ये. अमेरिकेत लास व्हेगास येथे मूत्ररोगतज्ज्ञांच्या परिषदेत जाइल्स ब्रिंडली या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने व्याख्यानाआधी रक्तवाहिन्या सैल करणारे औषध स्वतःलाच टोचून घेतले, आणि त्याचा परिणाम भर सभेत श्रोत्यांना दाखविला. सभाशिष्टाचार बाजूला राहिला; पण मनात कामवासनेचा लवलेश नसतानाही केवळ रक्तप्रवाहामुळे ताठरता येते, हे त्यापुढे वादाचे राहिले नाही. म्हणजे प्रश्न निदान अर्धा तरी नळांचा आणि झडपांचा होता.

सिल्डेनाफिल हे रसायन १९८९ मध्ये इंग्लंडमधील सँडविच येथील फायझर कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले, तेही हृदयशूलावर, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यामुळे छातीत येणाऱ्या कळेवर, उपाय म्हणून. १९९० च्या दशकाच्या आरंभी स्वयंसेवकांवर चाचण्या झाल्या. हृदयशूलावर त्याचा परिणाम बेताचाच ठरला. पण स्वयंसेवकांनी एक वेगळाच ‘दुष्परिणाम’ कळविला, आणि कंपनीने त्या दुष्परिणामालाच औषध केले. मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्याच वर्षीचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नारो आणि म्युराद या तिघांना मिळाले, ते शरीरातील नायट्रिक ऑक्साइड हा वायू रक्तवाहिन्यांना ‘सैल व्हा’ असा निरोप कसा देतो, हे दाखवून दिल्याबद्दल. गोळीचे सारे कार्य या निरोपावरच चालते.

भुकूमच्या माणसाला हे खाचराच्या भाषेत सहज सांगता येईल. कामेच्छा जागी झाली की मज्जातंतूंच्या टोकांशी आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड सुटतो, त्यापासून रक्तवाहिन्या सैल करणारा एक रासायनिक संदेशवाहक तयार होतो, आणि इंद्रियातील पोकळ जागांत रक्त भरते. हा पाऊस झाला. त्याच वेळी शरीरातील एक विकर त्या संदेशवाहकाचा नाश करीत असते. हे बांधाला पडलेले भगदाड. गोळी फक्त ते भगदाड काही तास बुजविते. पाऊस पडलाच नाही, तर बांध कितीही पक्का असला तरी खाचर भरत नाही.

एवढे एक चित्र डोळ्यांपुढे ठेवले तर पुष्कळसे गैरसमज आपोआप गळून पडतात. गोळी घेतली की वासना उसळते, हे खरे नाही. इच्छा नसलेल्या माणसाला ती इच्छा देत नाही, आणि गोळी घेऊन भिंतीकडे पाहत बसलेल्या माणसाला काहीच होत नाही. ती वीर्य वाढवीत नाही, संतती होण्याची शक्यता वाढवीत नाही, इंद्रियाचा आकार बदलत नाही, गर्भधारणा टाळीत नाही, की रोगसंसर्गापासून वाचवीत नाही. ती पुरुषी संप्रेरकही नव्हे. किंबहुना सिल्डेनाफिलला २००५ मध्ये फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांच्या उच्च दाबावर औषध म्हणून अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि त्या विकारासाठी ती स्त्रियांनाही दिली जाते. ‘मर्दानी’ म्हणून विकली जाणारी गोळी श्वास लागणाऱ्या स्त्रीला उपयोगी पडते, हे कळल्यावर घोड्याचे चित्र छापणाऱ्यांना काय वाटेल कोण जाणे!

“मी घेतली, पण काही झाले नाही,” अशी तक्रारही नेहमी ऐकू येते. तिच्यामागे पुष्कळदा घेण्याची पद्धत असते. सिल्डेनाफिलला परिणाम दाखवावयास साधारण अर्धा ते एक तास लागतो आणि तो चार-पाच तास टिकतो. मटणाचे साग्रसंगीत जेवण आणि वर मद्य, असा बेत झाल्यावर गोळी घेतली तर तेलतुपामुळे ती रक्तात उतरायलाच आणखी तासभर उशीर होतो, आणि मद्य तर स्वतःच ताठरतेचे शत्रू आहे. टॅडालाफिल या दुसऱ्या औषधावर जेवणाचा असा परिणाम होत नाही आणि त्याचा प्रभाव छत्तीस तासांपर्यंत राहतो. पण याचा अर्थ तो माणूस छत्तीस तास ताठर अवस्थेत राहतो असा नव्हे, जसा काहींचा समज असतो. योग्य मात्रेत, योग्य रीतीने, निदान पाच-सहा वेळा घेऊन पाहिल्याखेरीज औषध निरुपयोगी ठरविता येत नाही. इतकेही करून सुमारे तिघांपैकी दोघांनाच त्याचा चांगला उपयोग होतो. दीर्घकाळच्या मधुमेहींत हे प्रमाण आणखी कमी. उरलेल्यांसाठी वैद्यकात दुसरे उपाय आहेत. पण पहिली गोळी चोरून घेणाऱ्याला ते कळावयाचे कसे?

याच्या उलट टोकाचा समज तरुणांत आढळतो. नव्याने लग्न झालेला, शरीराने निरोगी असलेला मुलगा पहिल्या रात्रीच्या धास्तीने गोळी घेतो. पहाटे झोपेतून उठताना ज्याला नियमित ताठरता येते, त्याच्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू सहसा शाबूत असतात. त्याला ग्रासलेले असते ते परीक्षेचे भय. गोळीने ती रात्र निभावते, आणि मग यश आपले नव्हे, गोळीचे, असे मन शिकते. या औषधाची अफू-तंबाखूसारखी रासायनिक सवय लागत नाही. पण अशा मुलाला तिच्यावाचून पाऊल टाकवत नाही, हेही तितकेच खरे. त्याला औषधापेक्षा दोन मोकळ्या शब्दांची गरज असते. ते शब्द त्याला घरात मिळत नाहीत, शाळेत मिळाले नव्हते, आणि मित्रांच्या कट्ट्यावर मिळतात ते सगळे फुशारकीचे.

बारीक नळी आधी तुंबते

येथवर सांगितलेले गैरसमज पैशाचे आणि मनस्तापाचे नुकसान करतात. याहून गंभीर समज असा, की ताठरता जाणे हे वयाचे लक्षण आहे आणि त्याचा बाकीच्या शरीराशी संबंध नाही. इंद्रियाला रक्त पुरविणाऱ्या धमन्यांचा व्यास जेमतेम एक ते दोन मिलिमीटर असतो. हृदयाच्या धमन्यांचा तीन ते चार. धमन्यांच्या अस्तराचा विकार सगळ्या शरीरात एकदमच चाललेला असतो, पण बारीक नळी आधी तुंबते. त्यामुळे अनेक पुरुषांत ताठरतेची तक्रार ही हृदयविकाराच्या पहिल्या कळेच्या दोन ते पाच वर्षे अगोदर सुरू झालेली आढळते. मधुमेही पुरुषांत ही तक्रार इतरांच्या सुमारे तिप्पट आणि कितीतरी लवकर दिसते. काही वेळा तर रक्तातील साखर वाढल्याचा पहिला सुगावा हाच असतो. तंबाखू, विडी, उच्च रक्तदाब, रक्तदाबावरची काही जुनी औषधे, मद्य आणि खिन्नतेचा विकार ही कारणेही त्याच यादीतली.

कोथरूडच्या दुकानात पायरी चढलेल्या गृहस्थाकडे आता या दृष्टीने पाहावे. त्याच्या शरीराने त्याला दोन-चार वर्षांची आगाऊ सूचना दिली होती. जमिनीच्या व्यवहारात एवढ्या मुदतीची सूचना मिळती तर त्याने वकील गाठला असता, सातबारा काढला असता, भावांना बोलाविले असते. येथे त्याने काही रुपयांची गोळी घेऊन सूचना देणाऱ्यालाच गप्प केले. गोळी लागू पडली, यातच धोका होता; ती लागू न पडती तर कदाचित तो डॉक्टरकडे गेला असता.

गोळीने हृदयविकाराचा झटका येतो, हा लोकप्रिय समजही याच संदर्भात तपासला पाहिजे. चाचण्यांत ही औषधे घेणाऱ्यांमध्ये झटक्यांचे प्रमाण वाढल्याचे आढळले नाही. ज्याला दोन जिने न थांबता, छातीत न दुखता चढता येतात, त्याच्या हृदयाला पत्नीसहवासाचे श्रम सामान्यतः झेपतात, असा डॉक्टरांचा ठोकताळा आहे. मात्र नुकताच झटका येऊन गेलेल्या किंवा विश्रांतीतही छातीत कळ येणाऱ्या माणसाने या वाटेला जाऊ नये. आणि एक संयोग असा आहे, की तेथे ठोकताळा चालत नाही. हृदयशूलासाठी जिभेखाली ठेवावयाची सॉर्बिट्रेटची गोळी घरोघरी असते. तीही नायट्रिक ऑक्साइडच्याच वाटेने रक्तवाहिन्या सैल करते. दोन्ही औषधे शरीरात एकत्र आली तर रक्तदाब एकाएकी कोसळतो आणि माणूस दगावू शकतो. सिल्डेनाफिल घेतल्यापासून चोवीस तास आणि टॅडालाफिल घेतल्यापासून अठ्ठेचाळीस तास या वर्गातले कोणतेही औषध देता येत नाही. निकोरँडिल हे हृदयशूलावरचे औषधही याच निषिद्ध यादीत येते. प्रोस्टेटच्या त्रासासाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांबरोबरही सावधगिरी लागते. हा इशारा औषधाबरोबरच्या कागदावर अत्यंत बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेला असतो, आणि तो कागद घरी पोहोचण्यापूर्वीच फेकून दिला जातो, कारण तो सापडला तर पंचाईत!

अज्ञानाची बाजारपेठ

हे औषध भारतात स्वस्त आहे, त्याचे श्रेय एका कायद्याला द्यावे लागते. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर नव्हे, तर केवळ तो बनविण्याच्या प्रक्रियेवर पेटंट देण्याचे धोरण ठेवले होते. त्यामुळे २००१ मध्ये भारतीय कंपन्यांनी पेनेग्रा, कॅव्हर्टा, एडेग्रा अशा नावांनी सिल्डेनाफिल बाजारात आणले, आणि मूळ कंपनीची निळी गोळी येथे अधिकृतपणे अवतरली ती २००५ च्या अखेरीस, तीही देशी गोळीच्या कितीतरी पट किमतीने. तोपर्यंत पदार्थावरील पेटंटचा नवा कायदा लागू झाला होता. पण घोडे पुढे निघून गेले होते. दोहोंतील औषध एकच. तरीही ‘महाग ती जालीम’ या न्यायाने परदेशी गोळीसाठी धडपडणारे लोक आहेत, आणि ‘स्वस्त म्हणजे भेसळ’ या शंकेने देशी गोळीची मात्रा आपल्या मनाने दुप्पट करणारेही आहेत. मात्रा वाढविली की गुण त्या प्रमाणात वाढत नाही. डोकेदुखी, चेहरा लाल होणे, नाक चोंदणे, निळसर दिसणे हे मात्र वाढते. क्वचित कोणाची ताठरता चार तासांनंतरही उतरत नाही. तेव्हा लाजेने घरी बसून राहिल्यास इंद्रियाची कायमची हानी होते.

जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले, की विकणाऱ्याला वस्तूचा दर्जा ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशा ठिकाणी वाईट माल चांगल्या मालाला हुसकून लावतो. जुन्या मोटारीचा गिऱ्हाईक निदान शेजाऱ्याला विचारतो, फसला तर चौकात उभा राहून शिव्या देतो. ‘ताकदी’च्या बाजारातला गिऱ्हाईक फसला तरी बोलत नाही. ज्या धंद्यात फसलेले गिऱ्हाईक कधीच तक्रार करीत नाही, त्यात प्रामाणिक दुकानदाराला कोणता अधिक लाभ होणार? म्हणूनच ‘शुद्ध वनस्पतिजन्य, दुष्परिणामरहित’ अशा डब्यांतील चूर्णांत सिल्डेनाफिलच गुपचूप मिसळल्याचे देशोदेशीच्या तपासण्यांत पुनःपुन्हा आढळले आहे. गिऱ्हाईकाला वाटते, आयुर्वेदाचा गुण आला. आयुर्वेदाची ही बदनामी तर आहेच; शिवाय सॉर्बिट्रेट घेणारा माणूस ‘इंग्रजी गोळी नको’ म्हणून जे चूर्ण घेतो, त्यातच ती गोळी असते.

कायदा नाही असे नाही. औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ चा आहे, आणि कामसुखाची क्षमता टिकविण्याची वा वाढविण्याची हमी देणारी औषधाची जाहिरात त्यात स्पष्टपणे गुन्हा ठरविलेली आहे. हमदर्द दवाखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये या कायद्याचे काही भाग रद्दबातल ठरविले, पण त्याचा गाभा राखला. तरीही भिंती रंगतच राहिल्या, आणि आता त्या प्रत्येकाच्या हातातील दूरध्वनीवर आल्या आहेत. बंदी मागणी नाहीशी करीत नाही. मागणी आहे ती उत्तरांना, आणि उत्तरांचा पुरवठा करण्याचे काम ज्यांचे, ते गप्प आहेत.

महाराष्ट्राला हे नवे नाही. विल्सन महाविद्यालयात गणित शिकविणाऱ्या रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक पदराला खार लावून चालविले. वाचकांची पत्रे आणि त्यांना दिलेली रोखठोक उत्तरे हा त्याचा एक मुख्य भाग होता. या उत्तरांबद्दलच त्यांच्यावर १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. तरी दंड झालाच, दोनशे रुपये. कर्व्यांना पत्रे लिहिणारे तरी आपली शंका कागदावर उतरवीत होते. पुढे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारी यांनी लैंगिक वैद्यकाचा स्वतंत्र विभाग चालविला, डॉ. विठ्ठल प्रभू यांनी या विषयावर मराठीत स्वच्छ आणि सभ्य लिखाण केले. पण मुळशी खोऱ्यातील पन्नाशीच्या पुरुषाला या गोष्टींचा पत्ता लागेल अशी सोय अजूनही फारशी नाही. सरकारी आरोग्य केंद्रात त्याचा रक्तदाब मोजला जातो, साखर पाहिली जाते. या दोहोंशी निगडित असलेला तिसरा प्रश्न विचारण्याचे धैर्य डॉक्टरला होत नाही, कारण खोलीत परिचारिका असते, दारात रांग असते, आणि डॉक्टरही याच समाजातला असतो.

या सगळ्या व्यवहारात एका व्यक्तीला कोणी विचारीत नाही, ती म्हणजे पत्नी. नवरा अंथरुणात पाठ फिरवू लागला, याचा अर्थ ती आपल्या परीने लावते: आपले वय झाले, आपण नकोशा झालो, किंवा बाहेर कोणी आहे. त्याला वाटते, तिला काही कळलेले नाही. तिच्या दृष्टीने प्रश्न ताठरतेचा असतोच असे नाही, अबोल्याचा असतो. गोळी आली तरी अबोला जात नाही, उलट पट्टी लपविण्याच्या जागा वाढतात: मोटारीच्या कप्प्यात, जमिनीच्या कागदांच्या पिशवीत, देवघराच्या मागे.

आणि एके रात्री त्या गृहस्थाच्या छातीत कळ येते. शेजाऱ्याची मोटार निघते, पौड रस्त्यावरून पुण्यातले रुग्णालय गाठले जाते. तातडीच्या विभागातला तरुण डॉक्टर छातीचा आलेख काढता काढता हृदयशूलाची गोळी हातात घेतो आणि नियमाप्रमाणे विचारतो, “हे आणखी काही औषधे घेतात का?” गृहस्थ उत्तर देण्याच्या स्थितीत नसतो. पत्नी आठवून आठवून सांगते: सकाळी रक्तदाबाची एक, जेवणाआधी साखरेची एक. दोन्ही नावे तिला पाठ असतात. याशिवाय काही नाही, असे ती अगदी खरेपणाने सांगते.